घरात जातपात पाळतात, तरी मुलांनी चूक-बरोबर स्वतः ठरवायला शिकावं. गट कसा चालवावा?

रविवार_गट_महाल

नमस्कार मंडळी. नागपूरच्या महाल भागात दर रविवारी सकाळी ८ ते १० मुलांचा गट भरतो. १६ मुलं, वय ८ ते १३. गोष्टी, थोडं विज्ञान, खेळ, शेवटी पोहे. मुलं वेगवेगळ्या मोहल्ल्यांतून येतात.

नवीन मूल आलं की दुसऱ्याच वाक्यात आडनाव विचारलं जातं, आणि ते कळलं की विचारणाऱ्याचा चेहरा बदलतो. माठ एकच आहे, पण तिघं घरून बाटली आणतात. बाटली विसरली तर दोन तास तहानलेली बसतात, माठाला हात लावत नाहीत. तान्हा पोळा, म्हणजे मुलं लाकडी नंदी घेऊन दारोदार जातात तो सण, आता तीन आठवड्यांवर आलाय. बोजारा (सणाचा खाऊ-पैसे) मागायला कोणत्या दारी जायचं, कोणत्या नाही, याची यादी ९ वर्षांच्या मुलाला तोंडपाठ आहे. कोणाच्या घरचा खाऊ वळणावर जाऊन टाकून द्यायचा, हेसुद्धा त्याला ठाऊक आहे.

भाषण दिलं की सगळी "हो" म्हणतात आणि फाटकाबाहेर जाऊन तेच करतात. घरच्यांनी जसं डोक्यात भरलं तसंच मी माझं भरावं, हे पटत नाही. पण गप्प बसणंही जमत नाही. कोणत्या वयात काय पेलतं, प्रश्न कसे विचारायचे, काय टाळायचं, हे नेमकं सांगा.

खडू_आणि_फळा

ताई, मुलांची पाटी कोरी नसते, आणि ते तुमच्या फायद्याचं आहे. एलियट ट्युरिएल या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की अगदी लहान मुलंही रीत आणि अन्याय यांत फरक करतात. "बाईंनी परवानगी दिली तर वर्गात चप्पल घालून बसलं चालेल का?" याला मूल हो म्हणतं. "बाईंनी परवानगी दिली तर दुसऱ्याला ढकललं चालेल का?" याला नाही म्हणतं. लॅरी नुची यांनी हेच अमेरिकेतल्या आमिश-मेनोनाइट मुलांना विचारलं. त्यांची घरं धर्माने पक्की बांधलेली. देवाने नियमच केला नसता तर रविवारी काम करणं चालेल, असं बहुतेक मुलं म्हणाली. पण देवाने नियम केला नसता तरी चोरी चूकच, असंही बहुतेक म्हणाली. म्हणजे कर्मठ घरातल्या मुलाकडेही चूक-बरोबर तोलणारा स्वतःचा काटा असतो. तुम्ही तो बसवायचा नाही, वापरायला जागा द्यायची.

त्यासाठी प्रश्नांचा क्रम पाळा. गोष्ट दूरची घ्या, ओळखीची नको. उदाहरणार्थ, एका गावात डावखुऱ्या मुलांनी वेगळ्या विहिरीवर पाणी भरायचं असा नियम आहे. मग विचारा: हा नियम बरोबर की चूक? गावातल्या सगळ्या मोठ्यांनी बरोबर म्हटलं तर? दुसऱ्या गावात असा नियम नसेल तर तिथले लोक चुकतात का? या नियमाने कोणाला काय होतं? आणि शेवटी, डावखुऱ्यांच्या हाताने पाणी बिघडतं हे लोकांना कशावरून कळलं?

हा शेवटचा प्रश्न सोडू नका. श्वेडर, महापात्रा आणि मिलर यांनी भुवनेश्वरमध्ये केलेल्या कामात (१९८७) एक वेगळी गोष्ट दिसली. वडील वारल्याच्या दुसऱ्या दिवशी मोठ्या मुलाने केस कापले आणि कोंबडी खाल्ली, हे तिथल्या मुलांना फारच गंभीर पाप वाटत होतं. आपल्याला ती नुसती रीत वाटते. घरात रीत सांगताना "नाहीतर कोणाचं तरी वाईट होईल" असं जोडलेलं असेल, तर मुलाच्या लेखी ती रीत राहतच नाही, ती इजा होते. "त्यांच्या हातचं प्यायलं तर आजीला त्रास होतो" असं ऐकलेलं मूल दुष्ट नसतं, ते आजीला जपत असतं. त्याला लाजवून काही उपयोग नाही. त्याच्या मनात जी खबर बसलीय ती खरी की खोटी, हे त्यानेच तपासायला हवं.

संवाद साधारण असा व्हावा:
"पाणी बिघडतं."
"बिघडलेलं पाणी कसं ओळखायचं?"
"वास येतो. गढूळ दिसतं."
"या पाण्याला वास आला?"
"नाही, पण..."
आणि इथे तुम्ही थांबायचं. मनात दहापर्यंत मोजा. सगळ्यात मोठी चूक इथेच होते. मोठ्यांना ती शांतता सहन होत नाही आणि ते "म्हणजेच आपल्याकडे पण तसंच आहे ना!" असं म्हणून टाकतात. तो पूल मुलालाच बांधू द्या. एखाद्याला दोन महिने लागतील, लागू द्या.

वयाचं म्हणाल तर ८-९ वर्षांची काही मुलं अजून किती नुकसान झालं यावर अडतात, मनात काय होतं ते त्यांना मागाहून सुचतं. मानसशास्त्रज्ञ पियाजे यांची गोष्टींची जुनी जोडी अजून चालते: एकाकडून चुकून १५ कप फुटले, दुसऱ्याकडून चोरून मुरांबा काढताना १ कप फुटला. जास्त चूक कोणाची? १० नंतर "नियम बदलता येतो का?" हा प्रश्न खुला करा. पियाजे यांनी (१९३२) तो गोट्यांच्या खेळातूनच पाहिला होता. आपल्याकडे कंचे आहेतच. मुलांना कंच्यांचा एक नियम सर्वांच्या संमतीने बदलू द्या, महिनाभर खेळू द्या, मग विचारा कोणाचं नुकसान झालं. "नियम म्हणजे माणसांनी ठरवलेली गोष्ट" हे त्यांना सांगून कळत नाही, नियम केल्यावर कळतं.

इंदोरा_वाचक

वरचं पटलं, पण माझा आग्रह वेगळ्या ठिकाणी आहे. १६ मुलांत ज्याचं आडनाव ऐकून चेहरे बदलतात, तो मुलगा तिथेच बसलेला आहे. बाकीच्यांचा काटा सरळ होईपर्यंत त्याने दोन महिने वाट पाहायची का? नाही. विचार मोकळा ठेवा, पण गटातलं वागणं पहिल्या दिवसापासून ठरलेलं असू द्या. पाणी, बसणं, खाणं, हाक मारणं यावर मतदान घेऊ नका.

पाण्यापासून सुरुवात करा. एक माठ, लांब दांड्याचं एक ओगराळं, १६ सारखे स्टीलचे पेले. पेल्यांवर नावं नाहीत, खुणा नाहीत. दुसरा माठ कोणी कितीही प्रेमाने आणून दिला तरी घेऊ नका. ज्यांना प्यायचं नाही त्यांच्यावर जबरदस्ती करू नका, बाटल्या मात्र सगळ्यांच्याच दप्तरात राहू द्या. पहिले चार रविवार ओगराळ्याने पाणी मोठ्या माणसाने वाढायचं, पाचव्यापासून मुलांना पाळी. घाई करून पहिल्याच दिवशी त्या नवीन मुलाच्या हातात ओगराळं दिलंत तर "नको" हा शब्द थेट त्याच्या तोंडावर येईल. तुमचा हेतू चांगला, पण झळ त्याला. पोह्यांच्या प्लेटा धुण्याची पाळी चिठ्ठीने काढा. "कोण मदत करणार?" असं विचाराल तर प्रत्येक वेळी तीच मुलं उठतील ज्यांना घरी-दारी कामाला उठायची सवय लावली आहे. तेही पाहून घ्या.

हजेरी पहिल्या नावाने घ्या. एकाच नावाची दोन असतील तर १ आणि २ लावा. गल्ली किंवा मोहल्ला लावू नका, नागपुरात मोहल्ल्यावरूनही जात कळते. आडनाव विचारणं बंद करायचं तर मुलांना दुसरा प्रश्न हातात द्या: "तुला काय छान येतं?" नुसतं "विचारू नका" म्हटलं तर ती फाटकाबाहेर विचारतात.

"तुझ्याबरोबर असं कधी झालंय का, सांग" हे त्या मुलाला सगळ्यांसमोर कधीही विचारू नका. त्याचं दुःख हा बाकीच्यांचा धडा नाही. अमेरिकन शिक्षिका जेन एलियट यांचा १९६८ चा निळ्या-तपकिरी डोळ्यांचा प्रयोग अनेकांना माहीत असतो आणि करून पाहायची हौस येते. करू नका. डोळ्यांच्या रंगावरून अर्ध्या मुलांना हिणवायचं, त्यांना कळावं म्हणून! ज्याला रोजच हिणवतात त्याला त्यातून नवीन काय कळणार?

त्याच्या समाजाची ओळख फक्त सोसणाऱ्यांची म्हणूनही करून देऊ नका. मजुरी करत शिकलेल्या जाईबाई चौधरी यांनी याच शहरात मुलींसाठी चोखामेळ्याच्या नावाने शाळा काढली. जुलै १९४२ मध्ये दलित महिलांची परिषद नागपुरात भरली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. एखाद्या साध्या रविवारी मुलांना दीक्षाभूमीवर न्या, विजयादशमीच्या गर्दीत नको. १४ ऑक्टोबर १९५६ ला इथे बाबासाहेबांबरोबर लाखो मोठी माणसं उभी राहिली आणि जुनं काय सोडायचं हे त्यांनी ठरवून, बोलून सोडलं. २२ प्रतिज्ञा मुलांना वाचू द्या आणि एवढंच विचारा: मोठ्या माणसांनाही आपलं चूक-बरोबर पुन्हा ठरवता येतं का? "मोठे म्हणतात म्हणून" या उत्तराला यापेक्षा जवळचं उदाहरण मला ठाऊक नाही.

एक गोष्ट आमच्या बाजूचीही. पूर्वग्रह काही एकाच मोहल्ल्यात राहत नाही. आमच्या घरांतली मुलंसुद्धा पोटजातींबद्दल, मुसलमानांबद्दल, मुलींबद्दल ऐकीव बोलतात. प्रश्न सगळ्यांना सारखेच विचारा.

मैदान_रेशीमबाग

खेळाबद्दल थोडक्यात, कारण इथे चुकीचा खेळ उलटा परिणाम करतो. उत्तर प्रदेशात मॅट लो यांनी क्रिकेटच्या लीग भरवून पाहिल्या. वेगवेगळ्या जातींचे तरुण एकाच संघात असले तर जातीपलीकडची मैत्री वाढली. नुसते समोरासमोर खेळले तर उलट कमी झाली. त्यामुळे मोहल्ला विरुद्ध मोहल्ला सामना लावू नका, हौस कितीही असो.

चिठ्ठीने संघ पाडा आणि किमान ८ रविवार तोच संघ ठेवा. दर वेळी नवीन पाडला तर ओळख होण्याआधीच मोडतो. कप्तान पाळीपाळीने. दोन गट एकत्र आल्याने पूर्वग्रह कमी व्हावा यासाठी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडलेल्या चार अटी मैदानावर तपासता येतात: दर्जा सारखा, ध्येय एक, एकमेकांशिवाय जमू नये, आणि वरच्या माणसाचा उघड पाठिंबा. आपल्याकडे बहुतेक वेळा पहिली अट मोडते. एकच पोट्टा दर वेळी चेंडू आणायला नाल्यात उतरतो. कोण उतरतो ते मोजा, आणि पाळी लावा.

बैठ्या कामासाठी एलियट अॅरन्सन यांची तुकड्यांची रीत (ऑस्टिन, १९७१) चांगली आहे. १६ मुलांचे चौघाचौघांचे ४ गट करा. एका विषयाचे ४ तुकडे, प्रत्येकाकडे एकच. अंबाझरी तलाव घ्या: पाणी कुठून येतं, त्यात काय जगतं, कोण वापरतं, घाण कशी होते. आधी सारखा तुकडा असलेली चौघं एकत्र बसून तयारी करतात, मग आपापल्या गटात जाऊन शिकवतात. ही तयारी गाळली तर वाचनात कच्चं मूल गटात अडखळतं आणि "याच्यामुळे हरलो" सुरू होतं. २० मिनिटं तयारीला, १५ शिकवायला. एप्रिल-मे मध्ये मैदान साडेसहालाच, आठला ऊन अंगावर येतं.

रविवार_गट_महाल

फारच उपयोगी. ओगराळं आणि पेले या आठवड्यातच घेते. आता अवघड भाग. एका घरातून निरोप आलाय: "पोट्ट्याला उलट बोलायला शिकवता काय?" मुलाने घरी "हे चूक आहे" म्हटलं, आणि त्याला दोन रविवार पाठवलं नाही. काय करू?

समुपदेशन_विदर्भ

मुलाला आधी हे कळायला हवं की पटणं, बोलणं आणि करणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिन्ही एकदम करायची गरज नाही. ८-१० वर्षांच्या मुलाला घरी भांडून घ्यायला लावणं हे धाडस नाही, ओझं आहे. जेवण, फी, झोपायची जागा सगळं त्या घरावर अवलंबून. "तुला जे पटतं ते तुझंच आहे, ते मनात ठेवलंस तरी खोटं होत नाही" असं त्याला स्पष्ट सांगा. हे ऐकल्यावर मुलाचे खांदे खाली येतात, बघा.

करण्यापुरतं स्वतःच्या हातातलं शोधून द्या. आजीचा माठ त्याच्या हातात नाही. शाळेत कोणाशेजारी बसायचं, कोणाला डब्यातलं द्यायचं, चिडवताना सोबत हसायचं की नाही, हे त्याच्या हातात आहे. कोणाला चिडवलं जात असताना न हसणं ९ वर्षांच्या मुलाला जमतं आणि समोरच्याला ते कळतं. मी इथूनच सुरुवात करायला सांगते.

घरी बोलायचंच असेल तर विधान नको, प्रश्न. "तुम्ही चुकता" म्हटलं की मोठ्यांना मान खाली घालावी लागते, आणि ती कोणी पोरासमोर घालत नाही. "आजी, तू लहान असताना कोण कोणाकडे जेवायचं? तेव्हाचं काय आता बदललं?" याने आजी बोलती होते. तिच्याच बोलण्यात निघतं की रीत बदलत आलेली आहे. विचारायची वेळही शिकवा: पाहुणे असताना नाही, सणाच्या स्वयंपाकात नाही, वडील कामावरून आल्या आल्या नाही.

तुमच्याकडूनही एक फरक पाळा. आजीने पूजेआधी आंघोळ करून सोवळ्यात कोणालाच शिवू न देणं ही तिची रीत आहे. अमुक जातीच्या माणसाला कधीच न शिवणं ही वेगळी गोष्ट आहे. पहिलीवर गटात टिंगल झाली तर ते घर तुटतं आणि दुसरीवर बोलायची वाट बंद होते. मुलांना हा फरक छान कळतो, मोठ्यांपेक्षा लवकर.

त्या घरी स्वतः जा, फोन नको. एकट्या जाऊ नका, दोघं जा. मुलाला त्या वेळी बाहेर खेळायला पाठवा. त्याचं आधी खरं कौतुक सांगा: काय वाचतो, काय बनवलं. मग गटात काय चालतं ते न लपवता सांगा: सगळे एका माठाचं पितात, आडनाव विचारत नाहीत. लपवलंत आणि नंतर कळलं तर मूल कायमचं जाईल. "तुमच्या घरात काय पाळायचं ते तुम्ही ठरवा, इथे सोळाही पोरं सारखी" एवढंच. वडील बहुतेक वेळा स्वतःच्या श्रद्धेपेक्षा नातेवाइकांना घाबरतात: जातीतले काय म्हणतील, सोयरिकी कशा जुळतील. ती भीती खरी असते, तिला हसू नका. जात पंचायतीने वाळीत टाकण्याची धमकीच दिली असेल तर सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा आहे, ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड. पण पहिल्या भेटीत कायदा काढू नका.

मुलाला मार बसतोय, कोंडतात, उपाशी ठेवतात असं दिसलं तर मात्र हा विचारांचा विषय राहत नाही. १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर कळवा. "कोणाला सांगणार नाही" असं वचन मुलाला आधीच देऊन बसू नका, ते पाळता येणार नाही.

आणि घाई नको. हरियाणातल्या सरकारी शाळांत मुलगा-मुलगी भेदावर ४५ मिनिटांचे तास अडीच वर्षं चालवले गेले, तेव्हा मुलांची मतं बदलली, आणि पुढे दोन वर्षांनीही टिकलेली दिसली. वागणं मात्र मुलग्यांचं जास्त बदललं, कारण मुलींच्या हातात ठरवण्यासारखं कमी होतं. तुमच्या गटातल्या मुलींकडे या नजरेने पाहा. तिचं वागणं बदललेलं दिसत नाही म्हणजे तिला पटलं नाही, असं नसतं.

खडू_आणि_फळा

"ते लोक असेच असतात" या वाक्यावर एक राहिलं. मोबाइलवर आलेलं मूल जसंच्या तसं बोलतं, विशेषतः मुसलमानांबद्दल. वाद घालू नका. विचारा: तू यांच्यापैकी किती जणांना नावाने ओळखतोस? हे कोणी पाहिलं, कुठे, कधी? आपल्या गल्लीतल्या एकाने चोरी केली तर तू चोर का? तीन प्रश्न पुरे. चौथा विचारला की उलटतपासणी होते आणि मूल हट्टाला पेटतं.

इंदोरा_वाचक

तान्ह्या पोळ्याचं विसरू नका, तीनच आठवडे आहेत. सगळ्यांची एकच टोली, सगळे लाकडी नंदी सोबत, बोजाऱ्याचा डबा एक, शेवटी १६ सारखे वाटे. पण आदल्या दोन दिवसांत दोन मोठ्यांनी प्रत्येक दारी जाऊन सांगून या की सगळी पोरं एकत्र येणार आहेत. जिथे कपाळाला आठी दिसली ते दार टोलीच्या वाटेतून वगळा, आणि का वगळलं ते तुमच्यापाशी ठेवा. मुलाला परीक्षेला न्यायचं नाही. दारं कमी पडली तर पडू द्या.

त्याच दिवशी नागपुरात मारबत, म्हणजे रोगराई-पीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची मिरवणूक, निघते. तिच्यातले बडगे, म्हणजे वाईट गोष्टींचे पुतळे, पाहून मुलांनाही बडग्या करावासा वाटतो. जुने कपडे, तणस, सुतळी, तीन फूट पुरे. कशाचा करायचा ते मुलांनीच ठरवायचं, अट एकच: माणसाचा नाही, समाजाचा नाही, सवयीचा. चिडवणं, चहाडी, वेगळा पेला. कोणती सवय हे चिठ्ठी टाकून ठरवू द्या, हात वर करायला लावू नका. हात वर करताना मुलं शेजाऱ्याकडे पाहतात. "इडा पीडा घेऊन जा गे मारबत" ओरडायचं, तेवढं त्यांना आपोआप येतं. जाळताना पाण्याची बादली आणि दोन मोठी माणसं हवीत.

रविवार_गट_महाल

बुधवारी संध्याकाळी त्या घरी जातो आहोत, दोघं. ओगराळं इतवारीत मिळालं, पेलेही. हजेरीची वही तीच आहे, आडनावं काळ्या पेनाने खोडली आहेत.

इंदोरा_वाचक

वही नवीनच घ्या. खोडलेलं मुलं उजेडासमोर धरून वाचतात.